गरज जूनमध्ये, मदत मार्चमध्ये

बारावीचे निकाल जाहीर झाले, की महाराष्ट्रातील तहसील कचेऱ्यांच्या आणि सेवा केंद्रांच्या दारांत रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, शिधापत्रिकेची प्रत, बँकेचे पासबुक अशी कागदांची चळत छातीशी धरून मुले आणि त्यांचे पालक उभे असतात. त्यांतील बहुसंख्य पालकांचा तो दिवस बुडालेला असतो. म्हणजेच त्या दिवसाची मजुरीही बुडालेली असते. शासनाकडून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी पालकाने मोजलेली ही पहिली किंमत होय. पुढे अर्ज भरला जातो, महाविद्यालयात तो तपासला जातो, तेथून जिल्ह्याच्या कार्यालयात जातो, त्रुटी निघाल्यास परत येतो. मधल्या काळात सहामाही परीक्षा होऊन जाते. पैसे खात्यावर जमा होतात तेव्हा पुष्कळदा वर्ष संपत आलेले असते, आणि काही वेळा ते संपूनही गेलेले असते.

आर्थिक गरजेच्या निकषावर दिल्या जाणाऱ्या विद्यार्थी-साहाय्याची चर्चा आपल्याकडे दोनच प्रसंगी होते. एखादी नवी योजना जाहीर झाली म्हणजे अभिनंदनाची, आणि रकमा थकल्या म्हणजे मोर्च्याची. या दोहोंच्या मध्ये जो खरा प्रश्न आहे, तो दुर्लक्षित राहतो. गरज म्हणजे काय, ती कोणी आणि कशी मोजावी, मदत कशासाठी द्यावी आणि केव्हा द्यावी, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या योजनेत नीट दिलेली नसतात, ती योजना कितीही उदार असली तरी आपले काम करू शकत नाही.

परंपरा जुनी आहे

गरजू विद्यार्थ्याला आधार देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात पहिले वसतिगृह उघडले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. गरीब मुलाच्या मार्गातील अडसर केवळ शाळेच्या फीचा नसून राहण्याचा आणि दोन वेळच्या जेवणाचा आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. एका विद्यार्थ्यावर वेळेवर झालेल्या खर्चाने देशाला काय दिले, याचा हिशेब मांडण्याची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने त्यांनी याच प्रश्नाला स्वावलंबनाचे उत्तर दिले.

शासकीय पातळीवर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शालान्त परीक्षोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४६व्या अनुच्छेदाने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक आणि आर्थिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपेक्षा कमी असणाऱ्या कुटुंबांतील मुलांना, जातीचा विचार न करता, शुल्कमाफी देण्याचा निर्णय झाला. ‘इ.बी.सी.’ ही तीन अक्षरे तेव्हापासून मराठी घराघरांत रूढ झाली. ग्रामीण महाराष्ट्रात आज जे शिक्षक, अभियंते, अधिकारी आणि प्राध्यापक दिसतात, त्यांच्यापैकी अनेकांची पहिली पायरी ही सवलतच होती.

त्या काळी महाविद्यालयाचे शुल्क कमी होते आणि महाविद्यालये बहुधा अनुदानित होती. शुल्क माफ केले म्हणजे निम्मे काम झाले, असे म्हणता येत होते. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. शुल्काचे आकडे हजारांवरून लाखांवर गेले, आणि शिष्यवृत्तीचे स्वरूपही बदलत गेले. विद्यार्थ्याला दिलेल्या मदतीचा मोठा भाग आता संस्थेच्या तिजोरीत शुल्काची प्रतिपूर्ती म्हणून जातो. विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष पडते ती रक्कम त्या मानाने नगण्य असते.

गरजेची रेषा

गरज मोजण्यासाठी शासनाने कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा हे साधन स्वीकारले आहे. साधन सोपे आहे. परंतु त्यात दोन दोष आहेत. पहिला दोष असा की, ही मर्यादा एकदा ठरली की ती वर्षानुवर्षे हलत नाही. अनुसूचित जातींच्या शालान्त परीक्षोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा २०१३ मध्ये अडीच लाख रुपये करण्यात आली आणि दशकाहून अधिक काळ ती तेथेच राहिली. या काळात ग्राहक किंमतींची सर्वसाधारण पातळी दीडपटीहून अधिक वाढली. याचा अर्थ असा की, २०१३ मध्ये जे कुटुंब या मर्यादेच्या आत होते, ते पुढे तितकेच गरीब राहूनही केवळ रुपयाची किंमत घसरल्यामुळे मर्यादेबाहेर ढकलले जाऊ शकते. विधिमंडळात किंवा संसदेत कोणी शिष्यवृत्ती कमी करण्याचा ठराव मांडला, तर गदारोळ होईल. महागाई तेच काम कोणताही ठराव न मांडता, मुकाट्याने करीत असते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. एका उदाहरणाने तो स्पष्ट होईल. बांधकामावर काम करणारे पती-पत्नी मिळून दिवसाला ९०० रुपये कमावतात असे धरू. वर्षात २८० दिवस काम मिळाले, तर त्यांचे उत्पन्न २,५२,००० रुपये होते. म्हणजे मर्यादेपेक्षा दोन हजार रुपये जास्त. या दोन हजारांपायी त्यांच्या मुलाचा निर्वाह भत्ता संपूर्णपणे जातो. महाराष्ट्रात मर्यादेवरील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शुल्कमाफीची वेगळी योजना आहे, ही गोष्ट खरी आणि स्वागतार्ह आहे. परंतु खाणावळीचे बिल शुल्कमाफीने भागत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, ही मर्यादा उताराची नसून कड्याची आहे. कड्याच्या अलीकडे सर्व काही, पलीकडे काही नाही. अशा व्यवस्थेत प्रामाणिकपणे सगळे उत्पन्न सांगणारा मजूर शिक्षा भोगतो, आणि उत्पन्न चार हजारांनी कमी दाखविण्याचा सल्ला देणारा मध्यस्थ शहाणा ठरतो. खोट्या दाखल्यांबद्दल समाजाला दोष देण्यापूर्वी, खोटे बोलण्याचे बक्षीस या रचनेतच ठेवलेले आहे, हे मान्य करावे लागेल.

दुसऱ्या एका योजनेत हीच रेषा कोठल्या कोठे आहे. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांच्या शुल्क सवलतीची मर्यादा राज्याने २०१६ मध्ये एक लाखावरून वाढविली आणि पुढे ती आठ लाखांपर्यंत नेली. राजर्षी शाहू महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या योजनेत शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेचा भार शासन उचलते. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आतील कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्काची पूर्ण सवलत देण्याचा निर्णय झाला. मुलीच्या शिक्षणावर खर्च करताना हात आखडता घेणाऱ्या घरांचा विचार करता तो निर्णय योग्यच होता. प्रश्न इतकाच की, महिन्याला वीस हजार मिळविणारे आणि साठ हजारांहून अधिक मिळविणारे ही दोन्ही कुटुंबे शासनाच्या लेखी निरनिराळ्या ठिकाणी ‘गरजू’ ठरतात. या दोन रेषांमागे गरजेचे एकच सूत्र आहे, असे कोणालाही दाखविता येणार नाही. रेषा गरजेने कमी आणि त्या त्या वेळच्या मागणीच्या रेट्याने अधिक आखल्या गेल्या आहेत.

शुल्क आणि पोट

केंद्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीची पुनर्रचना केली. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला आणि त्यातील ६० टक्के भार केंद्राने स्वीकारला. त्यापूर्वीच्या तीन वर्षांत केंद्राचे साहाय्य वर्षाला सुमारे ११०० कोटींच्या घरात होते. बाकीचे ओझे राज्यांवर पडत होते, आणि राज्ये ते पेलू न शकल्याने रकमा थकत होत्या. त्या दृष्टीने हा बदल मोठा होता आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

परंतु या पुनर्रचनेत विद्यार्थ्याच्या उदरनिर्वाहाचा विचार कितपत झाला? कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेत पदवीचा अभ्यास करणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ठरविलेला शैक्षणिक भत्ता होता वर्षाला ६,००० रुपये. घरून ये-जा करणाऱ्यासाठी ३,००० रुपये. जिल्ह्याच्या गावी साध्या खाणावळीचे महिन्याला तीन हजार रुपये धरले, तरी वसतिगृहातील विद्यार्थ्याचा वर्षाचा भत्ता दोन महिन्यांत संपतो. उरलेल्या आठ महिन्यांचे काय, याचे उत्तर योजनेत नाही. ते उत्तर विद्यार्थी स्वतः शोधतो. तो रात्री एखाद्या दुकानात किंवा गोदामात काम करतो, आठवड्यातून तीनच दिवस वर्गात येतो, अथवा दिवाळीच्या सुट्टीत गावी जातो आणि परत येत नाही. हजेरीपटावरून नाव कमी होते. गळतीच्या आकड्यात एकाची भर पडते.

राज्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांकरिता भोजन, निवास आणि इतर खर्चासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरविले गेले. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावे वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजनाही आहे. शाहू महाराजांनी ओळखलेले मर्म या योजनांत पुन्हा सापडले, असे म्हणता येईल. मात्र त्यांचा विस्तार गरजेच्या मानाने मर्यादित आहे, आणि विलंबाच्या रोगातून त्याही सुटलेल्या नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गरीब कुटुंबाच्या दृष्टीने महाविद्यालयीन शिक्षणाची सर्वांत मोठी किंमत शुल्काची नसतेच. अठरा वर्षांचा मुलगा जी मजुरी आणू शकला असता आणि शिक्षणामुळे आणत नाही, ती त्या घराची खरी किंमत असते. ती कोणत्याही पावतीवर छापलेली नसते. म्हणूनच ‘शिक्षण मोफत केले, तरी मुले येत का नाहीत?’ हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी त्या घराचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा.

विलंब ही काटकसर नव्हे

रकमा उशिरा पोचण्याची कारणे अनेक सांगितली जातात. अर्ज महाविद्यालयात पडून असतात, आधार क्रमांक बँक खात्याशी जोडलेला नसतो, निधी टप्प्याटप्प्याने येतो, केंद्राचा वाटा राज्याच्या वाट्यानंतर येतो. यांपैकी प्रत्येक कारण खरे असू शकते. पण त्यांतील एकाही कारणासाठी विद्यार्थी जबाबदार नाही आणि परिणाम मात्र तो एकटा भोगतो. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याची पद्धत आली, तेव्हा मधले हात दूर होतील ही अपेक्षा होती. काही संस्थांनी बनावट विद्यार्थी दाखवून रकमा उचलल्याची प्रकरणे पूर्वी उघडकीस आलेली असल्याने ती अपेक्षा रास्तच होती. परंतु त्याच रकमेत संस्थेच्या शुल्काचाही भाग असल्याने नवा पेच उभा राहिला. शासनाचे पैसे येईपर्यंत संस्था विद्यार्थ्याकडे तगादा लावते, आणि पैसे आले की घरातील तातडीची गरज आणि संस्थेची थकबाकी यांत ओढाताण सुरू होते. गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडकवून ठेवला जातो, आणि पुढील प्रवेश हुकतो.

विलंबामुळे शासनाची बचत होते, असा एक समज अर्थखात्याच्या वर्तुळात असतो. तो खोटा आहे. जून महिन्यात देय असलेली रक्कम मार्चमध्ये दिली, याचा अर्थ शासनाने नऊ महिने विद्यार्थ्याकडून बिनव्याजी कर्ज घेतले. तो विद्यार्थी मात्र त्या नऊ महिन्यांसाठी गावच्या सावकाराकडून शेकडा तीन ते पाच रुपये महिना व्याजाने पैसे उचलतो. समाजाच्या एकूण हिशेबात खर्च कमी होत नाही. तो ज्याच्या खांद्याला सर्वांत कमी बळ आहे, त्याच्या खांद्यावर सरकवला जातो.

परदेशातील एक उदाहरण

या संदर्भात अमेरिकेतील ‘पेल अनुदान’ योजनेचा अनुभव उद्बोधक आहे. १९७२ च्या कायद्याने ती अस्तित्वात आली आणि १९८० मध्ये तिला सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव मिळाले. हे अनुदान परत फेडावे लागत नाही. त्याची रक्कम कुटुंबाच्या ऐपतीनुसार कमी-अधिक होते. उत्पन्न वाढले की ती हळूहळू घटत जाते, एका रुपयाच्या फरकाने शून्यावर येत नाही. विद्यार्थी एकच अर्ज भरतो आणि कोणत्या महाविद्यालयात गेल्यास किती मदत मिळेल, याचा अंदाज त्याला प्रवेशापूर्वी मिळू शकतो.

तथापि त्या योजनेचे दोषही आपल्याला तितकेच शिकवितात. १९७०च्या दशकाच्या मध्यास कमाल अनुदानातून सार्वजनिक महाविद्यालयातील वर्षाच्या एकूण खर्चाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग निघत असे. पुढे कमाल रक्कम वाढत जाऊन २०२४-२५ मध्ये ७,३९५ डॉलर झाली, तरी खर्च त्याहून वेगाने वाढल्याने तिच्यातून जेमतेम एक तृतीयांश भाग निघू लागला. राहिलेली खिंड कर्जाने भरून काढावी लागली आणि एक पिढी कर्जबाजारी झाली. २०२३ मध्ये अर्ज सोपा करण्याच्या प्रयत्नात नवा अर्ज ऑक्टोबरऐवजी डिसेंबरअखेर उपलब्ध झाला, आणि साऱ्या देशातील प्रवेशाचे वेळापत्रक विस्कटले. श्रीमंत देशातही किंमतवाढीशी न जोडलेली मदत झिजते आणि वेळ चुकलेली मदत गोंधळ माजविते, असा याचा अर्थ.

भारतातही शिक्षण कर्जाकडे झुकता कल दिसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना कर्जावरील व्याजात सवलत आहे. नामांकित संस्थेत व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यास ती उपयोगी पडेल. परंतु भूमिहीन मजुराची मुलगी इतिहासाची पदवी घेण्यासाठी कर्ज काढणार नाही, आणि तिने काढू नये. ज्या घराने कर्जापायी जमीन गेलेली पाहिली आहे, त्या घराला कर्ज ही संधी वाटत नाही, धोका वाटतो. कर्ज अनुदानाला पूरक ठरू शकते. त्याची जागा ते घेऊ शकत नाही.

काय करता येईल

काही आक्षेपांचा विचार करणे आवश्यक आहे. शुल्काची प्रतिपूर्ती शासन करते म्हणून खाजगी संस्था शुल्क वाढवितात, हा आक्षेप निराधार नाही. त्यावर उपाय शुल्क नियमन कठोर करणे आणि सार्वजनिक महाविद्यालये व वसतिगृहे सशक्त करणे हा आहे. विद्यार्थ्याची मदत तोडणे हा नव्हे. अपात्र लोक लाभ उठवितात, हाही आक्षेप आहे. परंतु छाननीच्या दोन चुका संभवतात: अपात्राला लाभ देणे आणि पात्राला वगळणे. आपली यंत्रणा पहिली चूक टाळण्यासाठी कागदांमागून कागद मागते आणि दुसरी चूक किती वेळा झाली याची नोंदही ठेवत नाही. पहिल्या चुकीत शासनाचे काही हजार रुपये जातात. दुसरीत एका माणसाचे आयुष्य जाते.

यातून सुधारणेची दिशा स्पष्ट होते. उत्पन्नमर्यादा आणि निर्वाह भत्ता दोन्ही ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडून दरवर्षी आपोआप सुधारली जावीत. मर्यादेच्या कड्याला उतार द्यावा. उत्पन्न वाढेल तशी मदत टप्प्याटप्प्याने कमी व्हावी. शुल्क थेट संस्थेला आणि भत्ता थेट विद्यार्थ्याला, अशी सरळ विभागणी करावी. मागील वर्षाच्या पात्रतेच्या आधारे भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच द्यावा आणि छाननी नंतर चालू ठेवावी. नूतनीकरणासाठी तेच दाखले दरवर्षी नव्याने मागू नयेत. आणि प्रलंबित अर्जांची संख्या जिल्हावार, दरमहा जाहीर करावी. म्हणजे विलंब कोठे होतो, हे मोर्चा न काढता कळेल.

यांतील पहिल्या दोन सुधारणांना जास्त पैसा लागेल, हे उघड आहे. बाकीच्यांना मुख्यतः शिस्त लागेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे ध्येय ठेवले आहे. २०२१-२२ मध्ये ते २८.४ टक्के होते. मधले अंतर भरून काढणारी मुले सुखवस्तू घरांतून येणार नाहीत. ती घरे आपली मुले आधीच महाविद्यालयात पाठवीत आहेत. ती मुले येतील ऊसतोडीच्या फडावरून, वीटभट्टीवरून, झोपडपट्टीतून आणि पाड्यावरून. त्यांना सवलत देणे हा उपकार नसून, ज्या समाजाला त्यांच्या बुद्धीची गरज आहे त्याने आपल्या भवितव्यात केलेली ती गुंतवणूक आहे.

शेतकऱ्याला पेरणी उलटून गेल्यावर दिलेले बियाणे उपयोगी पडत नाही, हे कृषिप्रधान महाराष्ट्राला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तहसील कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या पालकाला ही गोष्ट पुरेपूर ठाऊक आहे. त्याच्या मुलाच्या अर्जावर सही करणाऱ्यांनी तिची आठवण ठेवली, तर पुष्कळ काम होईल.